द्राक्षपट्ट्यात आलेला पाहुणा मुक्कामाला कसा थांबेल?

वाइनरीच्या टेस्टिंग टेबलामागे उभं राहून लोकांना ग्लास भरून देणं हे माझं काम. "आमच्या भागात पर्यटन वाढवायचंय, सुरुवात कुठून करू?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, तुमच्याकडे आलेला माणूस रात्री झोपतो कुठे? दुपारी येऊन चार घोट घेतले, वेलीखाली फोटो काढले आणि संध्याकाळी गाडी परत फिरली, तर पैसा एका वाइनरीच्या गल्ल्यात जातो. मुक्काम पडला की खोलीवाला, जेवण करणारा, गाडीवाला, मध विकणारा, सगळ्यांची चूल पेटते. लोगो आणि घोषवाक्याच्या नादी लागण्याआधी एवढं पक्कं करा, की आपला पट्टा एका दुपारीत उरकता कामा नये.

हे एकट्याने जमत नाही. पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणणार, शेजाऱ्याकडे गिऱ्हाईक पाठवलं तर आमचा माल कोण घेणार? त्यांना स्टेलेनबॉशची गोष्ट सांगा. तिथले फ्रान्स मलान फ्रान्समधल्या बर्गंडीतला, वाइनऱ्यांना जोडणारा वाइन मार्ग पाहून आले, नील जूबेर आणि स्पाट्झ स्परलिंग या दोन बागायतदारांना बरोबर घेतलं आणि १९७१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतला पहिला वाइन रूट सुरू झाला. तिघंही एकमेकांचे स्पर्धकच होते. जर्मनीतला ८५ किलोमीटरचा वाइन मार्ग त्याहून जुना, १९३५ चा. राजवट नाझींची होती, पण निमित्त व्यापाराचं: पीक उदंड आणि वाइनला उठाव नाही. आज दरवर्षी ऑगस्टच्या एका रविवारी तो रस्ता मोटारींना बंद असतो आणि लोक सायकलने, पायी एका गावातून दुसऱ्या गावात खातपीत जातात. रस्ता आधीपासूनच होता, त्याला नाव दिलं, पाट्या लावल्या आणि तो दाखवायची वस्तू झाला.

तुम्हीही तीन-चार जणांवर सुरुवात करा. पन्नास सभासदांची संघटना काढलीत तर पहिलं वर्ष पदाधिकारी निवडण्यात जाईल. एक सामायिक नकाशा काढा आणि साप्ताहिक सुट्ट्या वाटून घ्या, म्हणजे कुठल्याही दिवशी निदान दोन दारं उघडी असतील. कंटाळवाणं काम आहे, पण बंद फाटकासमोरून परत गेलेला माणूस पुन्हा येत नाही. फोनवरच्या नकाशातली खूण स्वतः गाडी चालवून तपासा. पुष्कळदा ती मालाचे ट्रक भरतात त्या मागच्या दाराशी नेऊन सोडते.

आता टेस्टिंग, म्हणजे माझा प्रांत. एका वाइनचा ३० मिलिलिटरचा घोट पुरे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत असे २५ घोट बसतात आणि पाच वाइन चाखल्या तरी माणसाच्या पोटात साधारण एक ग्लासच जातो. क्रम हलक्याकडून जडाकडे: आधी फसफसणारी, मग व्हाइट, रोझे म्हणजे गुलाबी, रेड आणि गोड असेल ती शेवटी. टेबलावर पाणी हवं आणि पिकदाणीही हवी. ती कोपऱ्यात लपवू नका. यजमानाने स्वतः एकदा घोट घेऊन त्यात टाकून दाखवला की पाहुण्याचा संकोच जातो. आणि कृपा करून "ब्लॅकबेरी, तंबाखू, ओलं चामडं" अशी आरती म्हणू नका. पाहुण्याला तो वास आला नाही की त्याला वाटतं आपल्यालाच काही कळत नाही, आणि तो गप्प होतो. त्यापेक्षा एकाच द्राक्षाच्या दोन वाइन शेजारी ठेवा, एक स्टीलच्या टाकीतली, एक ओकच्या बॅरलमधली, आणि विचारा, काय वेगळं वाटतं? माणसं बोलायला लागतात. बोलका पाहुणा थांबतो, बाटलीही घेतो.

बागेत नेणार असाल तर त्याच्या हाताला काम द्या. माझं आवडतं हत्यार रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजणारी नळी. मण्यांत पाणी उतरल्यावर एक मणी खुडायला सांगा, रसाचा थेंब काचेवर टाकून झाकण बंद करा आणि नळी उजेडाकडे धरून डोळा लावायला सांगा. आत वर निळं, खाली पांढरं दिसतं आणि मधली रेघ ब्रिक्सच्या, म्हणजे साखरेच्या प्रमाणाच्या, आकड्यावर थांबलेली असते. समजा २२ आला. त्याला साधारण ०.५५ ने गुणलं की बारा, म्हणजे या रसाची पूर्ण आंबवलेली वाइन साधारण बारा टक्के अल्कोहोलची होईल. हा हिशेब केलेला माणूस घरी जाऊन दहा जणांना सांगतो.

पण बाग ही बाग आहे, उद्यान नाही. फवारणी झाली असेल तर औषधाच्या डब्यावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत आत कुणालाही नेऊ नका. बुटांच्या मातीतून फायलोक्सेरा ही मुळांवरची कीड एका बागेतून दुसरीत जाऊ शकते. दक्षिण ऑस्ट्रेलिया तिच्यापासून मुक्त राहिलेला प्रदेश, म्हणून तिथे पाहुण्यांनी थेट वेलींच्या रांगांत शिरू नये असा आग्रह असतो. तुमच्याकडेही एक ठरावीक रांग पाहुण्यांसाठी राखा. तळघरात रस आंबत असेल तेव्हा तर जास्तच जपा. आंबताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, त्याला रंग नाही की वास नाही. वायू मोजणारं यंत्र आणि सुरू असलेले पंखे नसतील तर लोकांना दारातूनच दाखवा. लहान मुलांना आत नको म्हणायला तर भीड बाळगूच नका.

तोडणीच्या दिवसांत सगळ्यांनाच यायचं असतं आणि तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते. उत्तर गोलार्धात हा काळ बहुधा ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, दक्षिणेत फेब्रुवारी ते एप्रिल, नाशिकसारख्या उष्ण प्रदेशात जानेवारी ते मार्च. तेव्हा मोजके पाहुणे, आधी नोंदणी करून, सकाळच्याच वेळी घ्या. खरी मेहनत रिकाम्या महिन्यांवर करा. इटलीतल्या वाइनऱ्या १९९३ पासून मे महिन्याच्या अखेरीस तळघरं लोकांसाठी एकदम उघडतात, म्हणजे तोडणीला अजून कितीतरी अवकाश असतो तेव्हा. छाटणीच्या दिवसांत कात्री हातात देऊन काडीवरचा कुठला डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, राखायचा ते शिकवा, त्यालाही हौशी लोक येतात.

गाडी चालवणाऱ्याचा विचार बहुतेक ठिकाणी राहूनच जातो. फेऱ्या मारणारी एक छोटी बस किंवा चार वाइनऱ्यांनी मिळून ठरवलेला गाडीवाला, यातलं एक तरी हवंच. न पिणाऱ्याला ताज्या द्राक्षांचा रस त्याच ग्लासात, त्याच मानाने द्या. घरातला जो पीत नाही, बरेचदा तोच परत कधी निघायचं ते ठरवतो.

जाहिरात सगळ्यात शेवटी. वार्ताहरांना बोलावण्याआधी आसपासच्या लॉजवाल्यांना, टॅक्सीवाल्यांना आणि बागेत राबणाऱ्यांच्या घरच्यांना एक दिवस फुकट फिरवून आणा. "इथे बघण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न पाहुणा आधी त्यांनाच विचारतो. मद्याच्या जाहिरातीचे आणि वयाचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते वाचून मगच मजकूर लिहा. फोटो बारा महिन्यांचे काढा आणि प्रत्येकाखाली महिना घाला. लगडलेल्या घडांचा फोटो बघून छाटलेल्या, नुसत्या काड्यांच्या बागेत आलेला माणूस माझ्या टेबलाशी येतो तेव्हा आधीच रुसलेला असतो, आणि मग कितीही चांगली वाइन ओतली तरी त्याची कळी खुलत नाही.