वर्गमुळाखाली कोण बसतं?

हायपोथेसिस टेस्टिंग, म्हणजे नमुन्यावरून दावा तपासणं. त्यातलं नल (आधी खरा धरलेला दावा), अल्टर्नेट (त्याच्या विरुद्धचा), पाच टक्क्यांची पातळी (खरा दावा चुकून बाद करायची किती जोखीम घ्यायची ते) हे तुम्हाला येतंच. मलाही येत होतं. तरी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी अख्खं गणित गेलं, म्हणून ती एकच जागा दाखवतो.

समजा नागपूरच्या कळमना बाजारातला व्यापारी म्हणतो, माझ्या मालात 10 टक्क्यांहून जास्त संत्री सडकी नाहीत. आपण 100 तपासली, 16 सडकी निघाली. मी 0.16 च वर्गमुळाखाली टाकलं. 0.16 गुणिले 0.84, भागिले 100, वर्गमूळ 0.0367. दाव्यातल्या 0.10 पासून फरक 0.06, त्याला 0.0367 नं भागलं की झेड 1.637. एकतर्फी सीमा (झेड हिच्या वर गेला की दावा बाद) 1.645. व्यापारी काठावर वाचला! खुशीत बर्डीवर तर्री-पोहे हाणले. तिथेच मैत्रीण म्हणाली, "माझा झेड तर 2 आला बे, नल बाद." पुढचा घास काही उतरला नाही.

तिनं 0.10 गुणिले 0.90 घेतलं होतं. प्रमाणित चूक, म्हणजे ते वर्गमूळ, 0.03, झेड बरोबर 2. काहून? आपण व्यापाऱ्याचं घटकाभर खरं धरतो आणि विचारतो, तसं असतं तर 16 सडकी निघणं कितपत नवलाचं? मग पसाराही त्याच्याच दाव्यातून काढायचा. 10 टक्के म्हणताक्षणी पसारा आपोआप ठरतो, नमुन्याकडून मागायची गरजच नाही. पुन्हा वाचा. मला हे कळायला एक सेमिस्टर लागलं. कॉन्फिडन्स इंटरव्हलमध्ये (खरं प्रमाण कुठून कुठवर असेल याचा अंदाज) मात्र नमुन्याचंच 0.16 घ्यायचं, कारण तिथे नल नसतंच. दोन्ही सूत्रं शेजारीशेजारी छापलेली असतात आणि घात तिथेच होतो.

सरासरीचं उलट. 'संत्र्याचं सरासरी वजन 150 ग्रॅम' या दाव्यात पसाऱ्याबद्दल चकार शब्द नाही. एकाच्या पेटीत सगळी सारखी, दुसऱ्याच्या पेटीत लिंबाएवढी नि मोसंबीएवढी एकत्र, तरी सरासरी तीच. म्हणून पसारा नमुन्याकडून उसना घ्यावा लागतो, आणि उसन्याचा भरवसा कमी. त्यासाठीच झेडऐवजी टी, त्याची सीमा जरा लांब. नमुन्यात 10 संत्री असतील तर दुतर्फी (फरक कुठल्याही बाजूचा चालेल अशी) सीमा 1.96 नाही, 2.262. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या गॉसेटनं 1908 मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावानं हेच मांडलं.

आमच्या क्लासचे सर मात्र 'नमुना 30 च्या वर तर झेड, खाली तर टी' एवढंच घोकून घ्यायचे. असल्या शॉर्टकटचा मला अजून राग येतो. प्रमाणात 30 ला विचारतो कोण? तिथे n गुणिले p आणि n गुणिले q पुरेसे मोठे आहेत का ते पाहायचं (n म्हणजे नमुन्यातली संख्या, p सडक्यांचं प्रमाण, q उरलेल्यांचं), तेही दाव्यातल्या p नं. इथे 10 आणि 90, चालतं. दावा 1 टक्क्याचा असता तर 100 संत्र्यांत अपेक्षित सडकं एकच. तिथे झेड लावाल तर फसाल.

घाबरू नका, रिपीटरला, म्हणजे फेरपरीक्षेला, हाच प्रश्न मी सहज सोडवला. पेन्सिलनं समासात आधी एवढंच लिहिलं होतं: नल पसाऱ्याबद्दल काही बोलतंय का?