बायकांच्या धडधडीत या चुका टाळा: एएफ ‘टेन्शन’ म्हणून सोडू नका

बसल्या जागी छातीत धडधड सुरू होते, हातपाय गळतात, जिना चढताना मध्येच थांबावं लागतं. तासाभरानं सगळं पूर्ववत. बाई पन्नाशीची असेल तर उत्तर तयारच असतं: पाळी जायचं वय आहे, टेन्शन घेऊ नका. कधी ते खरंही असतं. पण एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ, अगदी असंच येऊन जातं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथं रक्त साकळतं आणि त्याची गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात. त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा बायकांना एएफ कमी होतं. झालं की त्रास मात्र जास्त जाणवतो. तक्रार थकव्याची किंवा दम लागण्याची असते, म्हणून हृदयाकडे लक्ष उशिरा जातं.

“ईसीजी तर नॉर्मल आला”

येणारच. नेहमीचा ईसीजी साधारण दहा सेकंदांचा, आणि काढला धडधड थांबल्यावर! नोंद झटका चालू असतानाच व्हायला हवी. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवा आणि पूर्ण मिनिटभर नाडी बघा. नुसता आकडा नको, ताल बघा. एखादा ठोका मध्येच चुकतो तो प्रकार वेगळा. एएफमध्ये टक-टक, टक, टकटक-टक असं चालतं आणि पुढचा ठोका कधी येईल याचा अंदाजच लागत नाही. तशी नाडी लागली तर ती तशी असतानाच ईसीजी काढून घ्या. ईसीजी काढणारं घड्याळ असेल तर ती पट्टी जपून ठेवा. डॉक्टरांना आपल्या वर्णनापेक्षा तिचा उपयोग जास्त. झटके महिन्यातून एखादाच येत असतील तर एका दिवसाचा होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र) बहुधा कोराच येईल, तेव्हा जास्त दिवसांच्या नोंदीबद्दल विचारा. टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणीही करा, कारण थायरॉइडचं काम वाढल्यानं एएफ होऊ शकतं आणि थायरॉइडचे विकार बायकांत जास्त.

“अ‍ॅस्पिरिन चालू आहे ना”

एएफमधला पक्षाघात टाळायला अ‍ॅस्पिरिन पुरत नाही. २०११ च्या अव्हेरोज चाचणीत एपिक्सॅबॅन या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळीनं अ‍ॅस्पिरिनपेक्षा पक्षाघात निम्म्याहून कमी झाले, आणि मोठे रक्तस्राव जवळपास तेवढेच राहिले.

इथं उलटी चूकही होते. जोखीम मोजायच्या जुन्या गुणपद्धतीत बाई असल्याचा एक गुण मिळायचा. त्या एका गुणावर चाळिशीतल्या, दुसरा काही आजार नसलेल्या बाईला रक्त पातळ करणारी गोळी लागत नाही. युरोपियन हृदयरोग संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत तो गुण काढूनच टाकला आहे. वय, रक्तदाब, मधुमेह, हार्ट फेल्युअर, आधीचा पक्षाघात यांचे गुण मात्र कायम आहेत.

“वजन कमी आहे, अर्धीच घ्या”

मला सगळ्यात खटकते ती ही चूक, कारण ती काळजीपोटी होते. एपिक्सॅबॅनचा डोस दिवसातून दोनदा ५ मिलिग्रॅम. तो २.५ करायला तीनपैकी किमान दोन गोष्टी लागतात: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी) १.५ किंवा जास्त. आता बाई ७२ वर्षांची, वजन ५४ किलो, क्रिएटिनिन ०.८ असं धरा. तीनपैकी एकच गोष्ट जुळते, म्हणजे डोस पूर्ण. ‘नाजूक आहे’ म्हणून तो कमी केला तर गोळी घेतल्याचं समाधान मिळतं, संरक्षण पुरेसं मिळत नाही. किडनी फारच कमजोर असेल किंवा सोबत काही ठरावीक औषधं असतील तर हिशेब बदलतो, म्हणून चिठ्ठीवर २.५ दिसलं तर कारण विचारा. स्वतःहून वाढवू नका. रिव्हरॉक्सॅबॅन ही त्याच प्रकारची दुसरी गोळी असेल तर ती जेवणासोबतच घ्यायची, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही.

पाळीत रक्तस्राव वाढला म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, त्यावर उपाय आहेत. गरोदरपणाचा विचार असेल तर मात्र आधीच सांगा. वॉरफरिन आणि या नव्या गोळ्या दोन्हींबाबत बदल करावे लागतात. संधिवाताच्या तापानं हृदयातली माइट्रल झडप बरीच अरुंद झाली असेल (हा आजारही बायकांत जास्त) तर नवी, महाग गोळी चांगली असं समजू नका. २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत वॉरफरिनसारखी जुनीच औषधं सरस ठरली.

ताल सुधारणारी औषधं आणि अ‍ॅब्लेशन

बायकांचा क्यूटी, म्हणजे ईसीजीवरचा एक कालावधी, मुळातच थोडा लांब असतो. सोटॅलॉलसारख्या गोळीनं तो आणखी लांबला तर घातक लय सुरू होऊ शकते. औषध सुरू केल्यावरचा ईसीजी चुकवू नका. जुलाब-उलट्या झाल्या किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक कुणी लिहून दिलं तर सोटॅलॉल चालू असल्याचं आधी सांगा.

अ‍ॅब्लेशनसाठी (जांघेतून नळी घालून हृदयातली बिघाड करणारी जागा निकामी करणं) बायकांना पुरुषांपेक्षा कमी वेळा आणि उशिरा पाठवलं जातं. जांघेतला रक्तस्राव, हृदयाभोवती रक्त साचणं अशा गुंतागुंती त्यांच्यात थोड्या जास्त होतात, हेही खरं. पण निदानाच्या पहिल्या वर्षात ताल सांभाळण्याचा फायदा २०२० च्या ईस्ट चाचणीत दिसला आहे. म्हणून ‘गोळ्यांवर बघू’ असं तिसऱ्यांदा ऐकलं की विचारा: मी अ‍ॅब्लेशनला योग्य नाही, की अजून कुणी तसा विचारच केलेला नाही?