काळ्या मातीवर ठशाचा रंगीत कोबा कसा करावा

गावाकडच्या नव्या घरांपुढे आता साध्या कोब्याऐवजी दगडी फरशीचा ठसा उठवलेला रंगीत कोबा मागितला जातो. साचे भाड्यानेही मिळतात. विदर्भात खरी परीक्षा होते ती जमिनीची आणि वेळेची.

कपाशीची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून ती शक्य तितकी खोल काढून त्या जागी सहा-सहा इंचांच्या थरांनी मुरूम भरावा आणि प्रत्येक थरावर पाणी मारून दबाई करावी. अंगणासाठी चार इंच जाडी पुरते. ट्रॅक्टर येणार असेल तर सहा इंच जाडी धरून सळई टाकावी. चार इंचांच्या कोब्याला आठ ते दहा फुटांवर, जाडीच्या चौथ्या हिश्शाइतका खोल सांधा कापावा, आणि तो ठशातल्या फरशीच्या रेषेवर आणावा म्हणजे नजरेत भरत नाही.

संपूर्ण मालातच रंग द्यायचा असल्यास आयर्न ऑक्साइड सिमेंटच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के, म्हणजे ५० किलोच्या गोणीला दीड ते अडीच किलो, दर खेपेला काट्यावर मोजूनच घालावा. घमेल्याच्या अंदाजाने टाकलेला रंग प्रत्येक खेपेला वेगळा उतरतो. पाण्याचे प्रमाणही तसेच काटेकोर ठेवावे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी वापरू नये, कारण त्यातील क्षार पुढे रंगावर पांढरे फुटतात आणि सळईही गंजवतात.

ठसा कधी मारावा, हे घड्याळ सांगत नाही. वर सुटलेले पाणी जिरल्यावर अंगठा दाबून पाहावा: पाव इंच खळगा पडला आणि माल अंगठ्याला चिकटला नाही, तर साचा मालाला चिकटू नये म्हणून वापरायची रिलीज पावडर भुरभुरून लगेच सुरुवात करावी. चिकटत असेल तर थांबावे. अंगठा रुतेनासा झाला, तर वेळ गेली. हवा ४० अंशांवर गेली की ही संधी फार थोडी उरते, त्यामुळे चैत्र-वैशाखात माल पहाटेच ओतावा, जागेवर हिरवी जाळी बांधावी आणि तेवढेच क्षेत्र घ्यावे जेवढे हाताशी असलेली माणसे एका दमात ठोकू शकतील. साचा शेजारच्या साच्याला घट्ट टेकवून, त्यावर उभे राहून ठोकणीने एकसारखा दाबावा. भिंतीलगतच्या कडा लवचीक साच्याने नंतर पूर्ण कराव्यात.

रंगीत पृष्ठावर ओले बारदान टाकू नये, डाग पडतात. रिलीज पावडर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धुऊन काढावी आणि पुढे लावायच्या सीलरशी (वरून द्यायच्या संरक्षक लेपाशी) जुळणारे क्युअरिंग कंपाउंड, म्हणजे आतली ओल टिकवणारे द्रावण, फवारावे. पृष्ठ पूर्ण कोरडे झाल्याची खात्री झाल्यावरच अॅक्रिलिक सीलरचे दोन पातळ हात द्यावेत, कारण जाड हाताखाली अडकलेली ओल पांढरट होऊन वर दिसते. उतारावर दुसऱ्या हातात घसरण रोखणारी बारीक भुकटी मिसळावी. हा खर्च घरमालकाला दरपत्रकातच वेगळा दाखवावा, नाहीतर तो हमखास कापला जातो.