घूं-घूं टायरची की बेअरिंगची? आणि ब्रेक एका बाजूला का ओढतो?

जाड नक्षीच्या मड-टेरेन (चिखलात चालण्यासाठीच्या) टायरला थोडा आवाज असतोच. नवा घूं-घूं आवाज सुरू झाला की मात्र आधी मोकळ्या रस्त्यावर, बेताच्या वेगात स्टेअरिंग हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवा. डावीकडे वळताना आवाज वाढला तर संशय उजव्या चाकाच्या बेअरिंगवर (ज्यावर चाक फिरतं तो भाग), कारण भार तिकडे जातो. वळवून फरक पडत नाही, पण रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की सूर बदलतो, तर टायरच. खात्रीसाठी पुढचे-मागचे टायर अदलाबदल करा. टायरचाच असेल तर आवाज जागा बदलतो.

हात नक्षीवरून आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने धारदार लागलं तर टो (वरून पाहताना चाकांचा आत-बाहेर कोन) बिघडलाय. ठिकठिकाणी खळगे असतील तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर बघा. ते न बदलता नवे टायर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता ब्रेक. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागत नाहीत. चिखलात फिरणाऱ्या गाडीत हे दुखणं बरेचदा चिखलातून येतं. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलाय? बहुधा कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) स्लाइड पिन, म्हणजे ज्यावर कॅलिपर सरकतो ती पिन, अडकलीये. पिन काढून साफ करा, फाटलेलं रबर बूट बदला, सिलिकॉन ब्रेक ग्रीस लावा. साधं ग्रीस नको, रबर फुगतं. पॅडचं मटेरियल ३ मिमीच्या खाली गेलं असेल तर डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे पॅड बदला.

ब्रेक सोडल्यावरही चाक जाम राहत असेल तर गाडी जॅक स्टँडवर घेऊन ब्लीडर (कॅलिपरवरचा ब्रेक ऑइल सोडायचा स्क्रू) सैल करा. चाक मोकळं झालं तर बहुधा होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) आतून फुगलाय. नाही झालं तर कॅलिपरचा पिस्टन किंवा स्लाइड पिन अडकलीये.