मुका पडदा आणि दाराची बेल

नागपूरच्या इतवारीतल्या दुकानांचे आवाज रेकॉर्ड करून मी एक वेबपान केलं होतं. शटर, तराजू, भाव सांगणारे दुकानदार. घरी लॅपटॉपवर झकास चालायचं. धरमपेठेतल्या खोलीत भिंतीवर लावलं आणि चित्र हलतंय, आवाज नाही! चौकीदारकाका म्हणाले, "काहून जी, टीव्ही मुका झाला का तुमचा?"

स्पीकर बदलला, वायर बदलली, अर्धा दिवस गेला. दोष वेगळाच निघाला. 2018 पासून क्रोम ब्राउझर, कुणी पानाला हात लावल्याशिवाय आवाज सुरूच करू देत नाही. घरी मी नकळत क्लिक करायचो. भिंतीवर माऊसच नव्हता.

सेटिंग बदलून ही अट काढता येते. पण मी सीताबर्डीतून दाराच्या बेलचं साधं बटण आणलं, जुना कीबोर्ड उघडून स्पेसबारच्या दोन टोकांना त्याच्या तारा जोडल्या. बटण दाबलं की ब्राउझरला वाटतं, स्पेसबार दाबला. लोक बेल वाजवतात, बाजार उघडतो. मूळ कामापेक्षा हेच बरं झालं, खरं सांगतो. ऑनलाइन पानावरही मग तशीच बेल काढली.

दुसरी कटकट मे महिन्याची. पडदा चालवणारा छोटा संगणक म्हणजे रास्पबेरी पाय. त्याची चिप 80 अंशांच्या पुढे गेली की स्वतःच वेग कमी करते, चित्र अडखळतं. डबीचं झाकण काढून छोटा पंखा लावला.

नेटचा भरवसा नव्हताच. सगळ्या फाइली पायवरच ठेवल्या, पण लोकल सर्व्हर, म्हणजे त्याच पायवरून पान पुरवणारा प्रोग्रॅम, चालवून. नुसती फाइल उघडली तर पानातल्या कोडने मागवलेल्या आवाजाच्या फाइली ब्राउझर अडवतो.

काका आता रोज सकाळी आधी बेल दाबतात, मग झाडू मारतात.