पिल्लं घरी यायच्या आधी काय काय तयार हवं

वसंत आला की दोन गोष्टींची एकदमच घाई सुटते, कोंबडीची पिल्लं आणायची आणि बिया टाकायची, आणि दोन्ही कामं एकाच कॅलेंडरवर बसवायला हवीत हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. पिल्लं साधारण ६ आठवडे उबेत ठेवावी लागतात, टोमॅटोची रोपं पण घरात ६ ते ८ आठवडे वाढतात, म्हणजे दोन्ही एकाच वेळी सुरू केलं की दोन्ही जवळपास एकाच आठवड्यात बाहेर जायला तयार होणार आणि तेव्हा तुमच्याकडे हात दोनच असणार. म्हणून आधी तुमच्याकडे पहाटेची गोठवणारी थंडी साधारण कधी संपते ती तारीख लिहून काढा आणि तिथून मागे मोजत या, आणि खुराडं आणि भाजीच्या वाफ्यांचं कुंपण ही दोन्ही ठोकाठोकीची कामं पिल्लं घरात यायच्या आधी संपवा. नंतर करू म्हटलं की होत नाही, कारण पिल्लं भराभर वाढतात आणि चौथ्या आठवड्यात खोकं पुरेनासं होतं, तेव्हा हातात पाना-हातोडा घ्यायला वेळ नसतो.

आता ब्रूडर, म्हणजे पिल्लांना उबेत ठेवायचं खोकं. मोठं प्लास्टिकचं टब किंवा जाड पुठ्ठ्याचं खोकं चालतं, बाजू उंच हव्यात कारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिल्लं उडी मारायला लागतात, तेव्हा वरून जाळी पण लागेल. खाली लाकडाचे शेव्हिंग किंवा भाताचं तूस पसरा, गुळगुळीत वर्तमानपत्र नुसतं टाकू नका, त्यावर पाय घसरून पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि ते नीट करणं जिकिरीचं होतं. उबेसाठी लाल दिवा लावणार असाल तर तो नुसत्या क्लिपवर सोडू नका, साखळी किंवा तारेने वेगळा बांधा, दोन आधार हवेतच, कारण दिवा भुशात पडला की आग लागते आणि यात मी कुणालाच सूट देत नाही. हीटिंग प्लेट, म्हणजे पिल्लं जिच्याखाली जाऊन बसतात ती विजेची गरम पाटी, मिळत असेल तर ती जास्त सुरक्षित. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३२ ते ३५ अंश सेल्सिअस हवं, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जायचं. हे सगळं पिल्लं यायच्या आदल्या दिवशी चालू करून बघा, रात्री थर्मामीटर काय दाखवतो ते पण बघा.

थर्मामीटर हवाच, पण खरं सांगतात ती पिल्लंच. सगळी दिव्याखाली एकमेकांवर चढून कर्कश चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजतेय, कडेला जाऊन पंख सैल सोडून चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर दिवा वर घ्या, सगळी एकाच कोपऱ्यात दाटली असतील तर दुसऱ्या बाजूने वारं येतंय. सगळीकडे पांगून हळू आवाजात बोलत खात-पीत असली की समजा जमलं. म्हणूनच दिवा मधोमध न टांगता एका टोकाला टांगायचा, दुसरं टोक गार राहिलं की ज्याला जिथे बरं वाटतं तिथे ते जातं.

पिल्लं आली की खाण्याआधी पाणी. प्रत्येकाची चोच हलकेच पाण्यात बुडवायची, नाकपुड्या नाही, म्हणजे पाणी कुठे आहे ते कळतं. भांडं उथळ हवं आणि त्यात गोट्या किंवा स्वच्छ खडे टाका, दमलेलं पिल्लू एवढ्याशा पाण्यात पण बुडतं. पाणी खोलीइतकं कोमट ठेवा आणि दिवसातून दोनदा तरी बदला, कारण ते त्यात भुसा उकरून टाकणारच. पहिले काही दिवस प्रत्येक पिल्लू उचलून शेपटीखाली बघा, तिथे विष्ठा सुकून चिकटलेली असेल तर वाट बंद होऊन पिल्लू दगावू शकतं, तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती मऊ करून काढायची, ओढायची नाही, आणि पिल्लू कोरडं करूनच परत उबेत सोडायचं. बेंबी शेपटीखाली नसते, पोटाच्या बाजूला असते, तिथला वाळलेला तुकडा चुकून पण ओढू नका.

खाणं सोपंय, चिक स्टार्टर म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य आणा, १८ ते २० टक्के प्रोटीनवालं. मोठ्या कोंबड्यांचं लेयर फीड पिल्लांना नाही, त्यात अंड्याच्या कवचासाठी भरपूर कॅल्शियम असतं आणि ते वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडाला बाधतं. स्टार्टरशिवाय गवत, किडे असं काहीही द्यायला लागलात तर बारीक ग्रिट, म्हणजे पोटात खाणं दळायला लागणारे बारीक खडे, पण द्या. पोतं ओलं होणार नाही अशा जागी, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, नाहीतर उंदीर आलेच. बदकांची पिल्लं असतील तर त्यांना नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागतं आणि पाण्याचं भांडं डोकं बुडेल एवढं खोल लागतं.

खुराड्याच्या जाळीवर पैसे वाचवू नका. षटकोनी भोकांची जी कोंबडजाळी मिळते ती कोंबड्यांना आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही, कुत्रं ती फाडतं आणि उंदीर-मुंगूस भोकातून आत जातात. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा आणि खाली साधारण एक फूट बाहेरच्या बाजूला जमिनीत आडवी पसरवा, उकरणारं जनावर भिंतीलगतच उकरतं आणि तिथेच जाळीला अडतं. आत दर कोंबडीमागे ४ चौरस फूट जागा, बाहेर फिरायला १० आणि वरच्या बाजूला हवा खेळायला फटी. आधीच्या कोंबड्या असतील तर नवीन पिल्लं लगेच त्यांच्यात मिसळू नका, महिनाभर वेगळी ठेवा.

बागेत मातीला हात लावायच्या आधी मूठभर माती दाबून बघा, गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला नाही तर थांबा, ओली माती खणली की ढेकळं होऊन बसतात. मटार, पालक थंड मातीत चालतात, घेवडा-काकडीला मात्र माती १६ अंशांच्या वर हवी, नाहीतर बी कुजतं. ब्रूडरमधला भुसा विष्ठेसकट थेट वाफ्यात टाकायचा मोह होतो, तो टाळा, ताजं कोंबडखत मुळं जाळतं आणि त्यात रोगजंतू असतात, कंपोस्टच्या ढिगात घाला आणि पुढच्या हंगामाला वापरा.

मग दोघांनाही बाहेरची सवय. रोपं आठ-दहा दिवस रोज थोडी जास्त उन्हा-वाऱ्यात ठेवायची आणि पिल्लंही तशीच, वारं नसलेल्या उबदार दुपारी तासभर, वरून जाळी घातलेल्या पिंजऱ्यात, कारण घार दिवसाढवळ्या येते. नवीन लावलेल्या वाफ्यात त्यांना अजिबात सोडू नका, मऊ माती दिसली की दहा मिनिटांत रोपं उपटून पडलेली असतात. टोमॅटो-बटाट्याचा पाला त्यांना विषारी असतो.

खुराड्याच्या दाराशी साबण आणि पाणी ठेवा, पिल्लू ठणठणीत दिसलं तरी त्याच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, लहान मुलांनी हात न धुता काही खाऊ नये आणि पिल्लांच्या पाप्या घेऊ नयेत. आणि पक्षी बघणारा व्हेट जवळपास कोण आहे ते आजच विचारून नंबर दारामागे चिकटवून ठेवा, सगळे व्हेट कोंबड्या बघत नाहीत आणि एवढंसं पिल्लू सकाळी मलूल दिसलं तर संध्याकाळपर्यंत शोधाशोध करायला वेळ उरत नाही.