कल्पनारम्य रोलप्लेइंग खेळात मध्ययुग आणताना या चुका टाळा

ड्रॅगन आणि जादूच्या खेळाला मध्ययुगीन वास्तवाची जोड द्यायची म्हटले की बहुतेक गेम मास्टर (पात्रांच्या भूमिका घेऊन खेळणाऱ्या खेळाडूंसमोर कथा चालवणारे सूत्रधार) चिखल, रोगराई आणि क्रौर्य यांची वर्णने वाढवतात. अशा वर्णनांनी वातावरण तयार होते, पण खेळाडूंचा एकही निर्णय बदलत नाही. त्याऐवजी एक देश आणि एक काळ निश्चित करावा, उदाहरणार्थ चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातील इंग्लंड. तसे न केल्यास अमेरिकेतून पुढे कितीतरी काळाने आलेला बटाटा आणि पंधराव्या शतकातील संपूर्ण पोलादी चिलखत एकाच खानावळीत येऊन बसतात.

सर्वाधिक गोंधळ पैशांचा होतो. त्या काळी इंग्लंडमध्ये रोजचा व्यवहार चांदीच्या पेनीत चाले. १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पाउंड ही हिशेबाची परिमाणे होती. १३४४ मध्ये आलेले नोबल हे सोन्याचे नाणे ६ शिलिंग ८ पेन्सचे, म्हणजे ८० पेन्सचे होते, आणि पायदळातील धनुर्धराला दिवसाला साधारण ३ पेन्स मिळत. तेव्हा जेवणाच्या बदल्यात खेळाडूने सोन्याचे नाणे टाकले, तर खानावळवालीकडे सुटे नसणार आणि हे नाणे आले कुठून, याची चर्चा सकाळपर्यंत गावभर होणार. कथानकाला यातूनच धागा मिळतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे राजाचे सैनिक दिसत नाहीत म्हणून गावात कायदाच नाही असे मानणे. १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्यानुसार तटबंदीच्या नगरांचे दरवाजे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत बंद असत, रात्री फिरणाऱ्या अनोळखी माणसाला पहारेकरी सकाळपर्यंत अडकवून ठेवत, आणि दरोडेखोर सापडले नाहीत तर नुकसानभरपाईची जबाबदारी त्या परिसरातील लोकांवर येई. त्यामुळे आरोळी उठताच शेतकरीही पाठलागाला धावतात. त्यांना स्वतःचा खिसा वाचवायचा असतो. अंधार पडल्यावर वेशीपाशी पोहोचलेल्या खेळाडूंच्या चमूला दरवाजांचा आणि पहारेकऱ्यांचा हे दोन नियम लावून पाहावेत.

तलवारीच्या वजनावर फार वेळ घालवू नये. एकहाती तलवार साधारण सव्वा किलोची असे, एवढे पुरे.

एवढे करूनही जग खोटे वाटत असेल, तर दोष बहुधा जादूत असतो. मंत्राने अन्न निर्माण करणारे धर्मगुरू गावोगाव असतील, तर १३१५ च्या अतिवृष्टीनंतर पडला तसा दुष्काळ त्या जगात पडणारच नाही. असे धर्मगुरू किती आहेत आणि ते कोणाच्या आज्ञेत आहेत, हे पहिल्या सत्राआधीच ठरवून ठेवावे.